पुस्तक स्वस्त झालें. हातीं आलें काय?

आमच्या घोडेगांवचा जनावरांचा बाजार पंचक्रोशींतच नव्हे, तर जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. लहानपणीं वडिलांचें बोट धरून मी त्या बाजारांत जात असें. दोघे दलाल एकमेकांसमोर उभे राहात, हातांवर रुमाल टाकीत आणि त्या रुमालाखालीं बोटें दाबून म्हशीचा भाव ठरवीत. भोंवतालीं शेंपन्नास माणसें उभीं असत. परंतु भाव काय ठरला हें त्या दोन हातांवांचून कोणास कळत नसे. पुढें अडतीस वर्षें शाळामास्तर म्हणून काढल्यावर मला असें वाटूं लागलें आहे कीं, आपल्या देशांत कॉलेजचीं पुस्तकें स्वस्त करण्याचा जो सरकारी उद्योग चालत आला आहे, तोही बराचसा रुमालाखालचाच आहे. पैसा खरोखर खर्च होतो, पुस्तकेंही खरोखर स्वस्त होतात; मात्र ज्या विद्यार्थ्यासाठीं हा सारा खटाटोप, त्याच्या कानावर तो भाव जातच नाहीं.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. स्वतः ठेंच खाऊन सांगत आहें. १९७५ सालीं मी मॅट्रिक झालों. घरीं संस्कृताची परंपरा असल्यामुळें अमरकोश वडिलांपाशीं व लघुकौमुदी नेवाशाच्या एका शास्त्रीबोवांपाशीं, असें माझें अध्ययन झालें होतें. परंतु घरची स्थिति अशी कीं, कॉलेजांत जाण्याचा विचार करणें हाही उधळेपणा वाटावा. तेव्हां शिक्षकाची पदविका घेऊन मी नोकरीस लागलों. १९७९ सालीं मनानें पुन्हा उचल खाल्ली. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पुढील परीक्षा द्याव्या असें ठरविलें. संस्कृताची मला चिंता नव्हती; धास्ती होती ती अर्थशास्त्राची. नगरच्या एका पुस्तकविक्रेत्यानें एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ माझ्यापुढें ठेविला. ब्रिटिश सरकारच्या साहाय्यानें निघालेली ती स्वस्त आवृत्ति होती व किंमत माझ्या पगारास झेपेल इतकी थोडी होती. मी ती आनंदानें घरीं आणली.

त्यानंतर रोज रात्रीं जेवणें झालीं कीं, दिव्यापाशीं एका बाजूस तें पुस्तक व दुसऱ्या बाजूस इंग्रजी-मराठी कोश घेऊन मी बसूं लागलों. कोशांत शब्द सांपडे, पण वाक्य सांपडेना. एका पानास एक रात्र जाई. पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि मी अद्यापि चौथ्या प्रकरणांतच घुटमळत होतों. अखेर परीक्षेचा अर्ज मीं भरलाच नाहीं. मॅट्रिक होतों, तो मॅट्रिकच राहिलों.

याचा उत्तरार्ध सोळा वर्षांनीं घडला. १९९५ सालीं कांहीं कामानिमित्त पुण्यास गेलों असतां अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगांत अर्थशास्त्राचें एक मराठी पुस्तक माझ्या हातीं आलें. सरकारी अनुदानानें निघालेलें, कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेलें, किंमत मोजके रुपये. मुद्रणाचें साल पाहिलें, तों तें माझ्या त्या फसलेल्या प्रयत्नाच्या आधींचें! तेथेंच उभ्या उभ्या मीं पहिलीं दहा पानें वाचलीं आणि तीं मला समजलीं. ज्या रात्रीं मी कोशांत डोकें खुपसून बसलों होतों, त्या रात्रीं हें पुस्तक कोठें तरी गठ्ठ्यांत बांधलेलें पडून होतें. मला कोणीं सांगितलें नाहीं, आणि मींही कोणास विचारलें नाहीं. दोष मी कोणावर ठेवीत नाहीं. परंतु ज्या नेवासें तालुक्यांत शके १२१२ मध्यें गीतेचा अर्थ मराठींत सांगितला गेला, त्याच तालुक्यांतील एका शिक्षकास अर्थशास्त्र मराठींत उपलब्ध आहे एवढी वार्ता असूं नये, याची खंत आजही वाटते.

विद्येस राजाश्रय देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. इंग्रजी अंमलांत ती कमी प्रमाणांत चालू राहिली व त्याच निधींतून १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें तिचेंच डेक्कन कॉलेज झालें. १८४९ सालीं पुण्यांतील कांहीं तरुण ब्राह्मणांनींच सरकारकडे अर्ज केला कीं, या दक्षिणेचा कांहीं भाग उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणारांस मिळावा. या मंडळींत लोकहितवादी अग्रभागीं होते. जुन्या मंडळींनीं गहजब केला. तथापि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांस पारितोषिकें मिळूं लागलीं. आपल्याच घरांत येणारा पैसा ग्रंथाकडे वळवा, असें त्या तरुणांनीं आपण होऊन म्हटलें, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये. पुढें १८६८ सालापासून सरकारी शिक्षणखात्यानें बूलर व कीलहॉर्न या पंडितांच्या देखरेखीखालीं मुंबई संस्कृत ग्रंथमाला काढली. तिचा हेतु कॉलेजांतील विद्यार्थ्यांस शुद्ध पाठाचे ग्रंथ मिळावे हाच होता, रा. गो. भांडारकरांनीं संपादिलेलें मालतीमाधव याच मालेंतलें. संस्कृताच्या अभ्यासकांवर या मालेचे उपकार मोठे आहेत.

आतां पुस्तक महाग कां होतें, हें थोडक्यांत पाहूं. समजा, एका ग्रंथाचें लेखन, अक्षरजुळणी, आकृत्या व तपासणी यांस मिळून दोन लक्ष रुपये लागले. हा खर्च एक प्रत काढली तरी तेवढाच व पांच हजार काढल्या तरी तेवढाच. पांचशें प्रती काढल्या, तर हा बोजा प्रत्येक प्रतीवर चारशें रुपये पडतो. पांच हजार काढल्या, तर केवळ चाळीस. कागद व बांधणी त्यावर वेगळी. शाळेचें पुस्तक लाखांनीं खपतें, म्हणून १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीस तें थोडक्या किंमतींत देतां येतें. परंतु पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विषयास राज्यांत विद्यार्थी किती, आणि त्यांतले मराठींतून लिहिणारे किती? म्हणून कॉलेजचें पुस्तक, त्यांतही मराठी पुस्तक, बाजारावर सोडून दिलें तर तें महाग तरी होतें, नाहीं तर निघतच नाहीं. सरकारनें हात द्यावा लागतो, तो यासाठीं.

स्वातंत्र्यानंतर हा हात प्रथम परक्यांनीं दिला, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. १९६० च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या पैशानें इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटीच्या आवृत्त्या येऊं लागल्या. वैद्यकी, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र या विषयांचे ग्रंथ मूळ किंमतीच्या निम्म्याहूनही कमी किंमतीस मिळत. माझा तो इंग्रजी ग्रंथ याच मालेंतला. अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी. पी. एल. ४८० या कायद्यान्वयें तिकडून जो गहूं आला, त्याची किंमत आपण रुपयांत दिली. ते रुपये येथेंच सांचले आणि त्यांतील कांहीं रकमेंतून अमेरिकन पाठ्यपुस्तकांचीं स्वस्त पुनर्मुद्रणें निघालीं. म्हणजे त्या गव्हाच्या पोळ्या आपण खाल्ल्या आणि त्याच गव्हाच्या पैशांतून आपल्या मुलांनीं पदार्थविज्ञान शिकलें! तिसरा ओघ मॉस्कोहून येई. मीर प्रकाशनाचीं गणिताचीं व भौतिकीचीं पुस्तकें इतकीं स्वस्त असत कीं, किंमत पाहून विद्यार्थ्यांस छापण्यांत चूक झाली असावी असें वाटे. परंतु परक्याच्या ओंजळीनें पाणी किती दिवस प्यावें? १९९१ सालीं सोव्हिएट राज्य मोडलें आणि तो ओघ आटला. ब्रिटिश योजनाही १९९७ सालीं बंद झाली.

आपल्या सरकारनें स्वतःच्या बळावर ज्या वाटा धरल्या, त्या मुख्यतः चार. पहिली वाट, ग्रंथनिर्मितीचा खर्च स्वतः उचलण्याची. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या सुमारास केंद्र सरकारनें देशी भाषांत विद्यापीठीय ग्रंथ काढण्यासाठीं प्रत्येक राज्यास एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची योजना आंखली. आपल्या राज्यांत त्यासाठीं नागपुरास महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघालें व इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांवर जाणत्या प्राध्यापकांकडून त्यानें मराठी ग्रंथ लिहवून घेतले. १९६० सालीं स्थापन झालेल्या भाषा संचालनालयानें परिभाषाकोश केले, म्हणून या लेखकांस शब्दांची भ्रांत पडली नाहीं. माझ्यासारख्या संस्कृत शिकलेल्यास हे कोश चाळतांना एक विशेष सुख होतें. पाणिनीचे प्रत्यय अर्थशास्त्राच्या व रसायनाच्या कामीं आलेले पाहून कोणाचें मन हर्षित होणार नाहीं?

दुसरी वाट कागदाची. १९७५ सालच्या वीस कलमी कार्यक्रमांत पुस्तकें व लेखनसाहित्य विद्यार्थ्यांस नियंत्रित किंमतींत द्यावें, असें एक स्पष्ट कलम होतें. त्या काळांत कागदाची टंचाई फार होती. तेव्हां पाठ्यपुस्तकांसाठीं व वह्यांसाठीं पांढरा कागद सवलतीच्या दरानें दिला जाई. त्या सवलतीच्या कागदाच्या वह्या मीं स्वतः वर्गांत वांटल्या आहेत.

तिसरी वाट कायद्याची. परदेशी ग्रंथांचा स्वामित्वहक्क हा विकसनशील देशांच्या वाटेंतील मोठा धोंडा. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेंत व १९७१ च्या पॅरिस परिषदेंत हिंदुस्थाननें अशा देशांची बाजू हिरीरीनें मांडली. त्याचें फळ म्हणून १९८३ सालीं आपल्या कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती झाली; परदेशी ग्रंथ येथें वाजवी किंमतींत मिळत नसेल, तर ठराविक मुदतीनंतर पुनर्मुद्रणाचा परवाना मागण्याची सोय झाली. पुढें दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतील एका झेरॉक्सच्या दुकानावर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनीं दावा लावला असतां, अध्यापनाच्या ओघांत जरूर तेवढे उतारे काढून देणें हा गुन्हा नव्हे, असा निर्णय २०१६ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें दिला. गरीब विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें हा निकाल थोर आहे.

चौथी वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ती म्हणजे पुस्तकपेढी. पुस्तक विकावयाचें नाहीं, वापरावयास द्यावयाचें, वर्षाअखेर परत घ्यावयाचें व पुढच्यास द्यावयाचें. १९७८-७९ पासून केंद्र सरकारनें वैद्यकी व अभियांत्रिकी शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं अशा पेढ्या काढल्या. पुढें इतर कांहीं अभ्यासक्रमांसही त्या लागू झाल्या. आरंभीं तीन विद्यार्थ्यांमागें एक संच मिळे, पुढें दोघांमागें एक मिळूं लागला. मागील दशकांतील नियमांप्रमाणें अभियांत्रिकीच्या संचास ७,५०० रुपयांची मर्यादा होती व संचाचें आयुष्य तीन वर्षें धरलें होतें. हिशेब करून पाहा. दोघे विद्यार्थी, तीन वर्षें; एका विद्यार्थ्यास वर्षाकांठीं साडेबाराशें रुपयांत सर्व विषयांचे ग्रंथ! कागद स्वस्त करून वा कर माफ करून एवढी स्वस्ताई साधणें नाहीं.

परंतु येथेंही रुमाल आडवा आलाच. २०१४ सालच्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळीं घरीं आला. हुशार पोरगा, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास होता. वडील बाजारांत हमाली करीत. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, कॉलेज सोडावं म्हणतो. फी माफ आहे, पण पुस्तकं कुठून आणू? मागच्या महिन्यात बापानं दोन शेळ्या विकल्या. आता विकायला काही राहिलं नाही." त्याच्या पिशवींत एक वही होती. मित्राच्या पुस्तकांतून दीडशें पानें त्यानें हातानें उतरून काढलीं होतीं, आकृत्यांसकट. तें अक्षर पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलें. आपल्या पूर्वजांनीं पोथ्या उतरल्या त्या ग्रंथ दुर्मिळ होते म्हणून. या पोरानें उतरल्या त्या ग्रंथ दुकानांत रचलेले असतांना.

मीं त्यास विचारलें, "तुमच्या कॉलेजांत पुस्तकपेढी आहे कीं नाहीं?" त्यानें तो शब्दच ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशीं रजा काढून मी त्याच्याबरोबर एस.टी.नें गेलों. ग्रंथालयांत चौकशी केली, तों पेढीचे संच कपाटांत व्यवस्थित लावून ठेविलेले! मागावयास कोणी आलेंच नाहीं, असें उत्तर मिळालें. तेथेंच अर्ज लिहिला. आठ दिवसांत पुस्तकें त्याच्या हातीं पडलीं. आज तो चाकणच्या एका कारखान्यांत अभियंता आहे. त्याचें शिक्षण ज्या गोष्टीवांचून अडलें होतें, ती गोष्ट सरकारनें आधींच विकत घेऊन ठेविली होती. उणीव होती ती फक्त एका वाक्याची. १९७९ सालीं मला तें वाक्य कोणीं सांगितलें नव्हतें. २०१४ सालीं मला तें सांगतां आलें, एवढेंच माझ्या जन्माचें समाधान.

आजची स्थिति पाहतां हें प्रकरण संपलेलें नाहीं. पुस्तकांवर वस्तु व सेवा कर नाहीं आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचाही माफ झाला, ही चांगली गोष्ट. परंतु त्याच दिवसापासून पुस्तकांच्या कागदावरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. पुस्तक करमुक्त असल्यामुळें कागदावर भरलेला कर प्रकाशकास वळता करून घेतां येत नाहीं. तो मुकाट्यानें किंमतींत मिसळतो. एका हातानें द्यावें व दुसऱ्या हातानें काढून घ्यावें, तशांतला हा प्रकार झाला. दुसरीकडे, २०१८ सालीं खरगपूरच्या आय.आय.टी.च्या विद्यमानें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुलें झालें. देशी भाषांत पांच वर्षांत बावीस हजार विद्यापीठीय ग्रंथ काढण्याचा 'अस्मिता' हा संकल्प २०२४ सालीं जाहीर झाला. २०२५ च्या अंदाजपत्रकांत भारतीय भाषा पुस्तक योजनेची घोषणा झाली. हे संकल्प सिद्धीस जावोत. तथापि शेजारची एक मुलगी, जी विज्ञानशाखेस आहे, तिनें मला एक मार्मिक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, पुस्तक मोबाइलमध्ये आहे हो; पण गणित सोडवायला पान समोर उघडं लागतं, आणि घरात मोबाइल एकच. तो बाबांबरोबर बाजारात जातो." या बोलण्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें.

म्हणून सुज्ञ वाचकांस दोनच गोष्टी विनवावयाच्या आहेत. पहिली, वार्ता पोंचवावी. आपल्या घरांत वर्तमानपत्र येतें, सरकारी परिपत्रकाची भाषा आपणांस कळते, ग्रंथपालाशीं बोलण्यास आपण बिचकत नाहीं. ज्याच्या घरांतील पहिलेंच मूल कॉलेजांत जात आहे, त्यास यांतलें कांहींच सुलभ नसतें. आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईचा मुलगा, भाजीवाल्याची मुलगी, शेजारचा रिक्षावाला, यांच्याकडे एकवार चौकशी करावी: कोणत्या वर्गांत आहेस, पुस्तकें मिळालीं काय, कॉलेजांत पेढी आहे काय, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास काय? यास एक पैसाही खर्च नाहीं.

दुसरी, पुस्तक पुढें द्यावें. दिवाळीच्या आवराआवरींत गृहिणी माळ्यावरून मुलांचे जुने ग्रंथ काढतात व ते किलोच्या भावानें रद्दींत जातात. २०२० च्या शिक्षण धोरणाप्रमाणें अभ्यासक्रम बदलले, आतां हीं पुस्तकें काय कामाचीं, असें पुष्कळजण म्हणतात. पण अभ्यासक्रम बदलला म्हणून रघुवंशाचा दुसरा सर्ग बदलत नाहीं, कीं शरीरांतील हाडांची संख्या बदलत नाहीं. आम्हीं चार निवृत्त शिक्षकांनीं घोडेगांवांत एक लोखंडी कपाट घेतलें आहे. एक नोंदवही, अनामत नाहीं, दंड नाहीं. परीक्षा झाली कीं पुस्तक परत आणावें, एवढाच नियम. दुसऱ्याच्या हातीं गेलेलें पुस्तक परत येत नाहीं, असें जुने लोक म्हणत आले आहेत. आमचा अनुभव उलट आहे: कांहीं गेलीं, पण बहुतेक परत आलीं, आणि कित्येक तर नवीं कव्हरें घालून आलीं. त्या चाकणच्या अभियंत्यानें आपलीं शेवटल्या दोन वर्षांचीं सर्व पुस्तकें स्वतः आणून या कपाटांत लाविलीं.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या चतुर्वर्गचिंतामणींत दानांची जी मोठी मांडणी केली, तींत विद्यादानाबरोबर पुस्तकदानही सांगितलें आहे. धर्म म्हणून आपण गाय दिली, भूमि दिली, अन्न दिलें. पुस्तक देण्याची आठवण मात्र बुजत गेली. ग्रंथ स्वस्त करणें हें सरकारचें काम आहे, आणि तें त्यानें केलेंच पाहिजे. कागदावरचा कर उतरविण्याची मागणी आपण सर्वांनीं करावी. परंतु तो स्वस्त ग्रंथ कपाटांतून पोराच्या हातापर्यंत नेण्याचें उरलेलें काम ज्यास वाचतां येतें त्या प्रत्येकाचें आहे. बाजारांतला रुमाल दलालांस शोभतो. विद्येच्या व्यवहारांत तो उचलून भाव मोठ्यानें सांगावा, हेंच बरें.